बाहेरची गोधडी

पाऊस सरून आश्विनाचं ऊन पडलं की माझ्या सुनेला कपाटं आवरायची हुक्की येते. आज सकाळी तिनं वरचा कप्पा उघडला आणि सगळ्या गोधड्या ओढून पलंगावर टाकल्या. त्याबरोबर तो वास खोलीभर पसरला. चार महिने कोंडलेल्या कापडाचा, डांबरगोळ्यांचा, कुठल्या तरी घडीत झुरळानं संसार थाटल्याचा. मी नाकाला पदर लावून गॅलरीत जाऊन उभी राहिले. सून आतून म्हणाली, "आई, जन्मभर लोकांच्या फाटक्या कपड्यांत बसलात आणि तुम्हालाच वास सहन होत नाही?"

तिचं खोटं नाही. मला किळस फार लवकर येते, अगदी लहानपणापासून. दुधावरची साय ओठाला लागली तरी अंगावर काटा येतो. ओला केस बोटाला चिकटला की जेवण संपलं. लग्न होऊन चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत आले तेव्हा त्यात खर्ऱ्याची भर पडली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा कॉलनीतला माणूस उठल्या उठल्या तोंडात टाकतो, आणि मग दिवसभर त्याला जिना, कोपरा, झाडाचं आळं काही म्हणजे काही वर्ज्य नसतं. ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरच्या जिन्यात एक कोपरा खालपासून वरपर्यंत तांबडालाल होता. तिथून जाताना मी श्वास रोखून धरत असे. शेजारणी हसत आणि म्हणत, कुसुमबाईचं नाक लई नखऱ्याचं हाय.

अशा बाईला छंद लागावा तो गोधड्या शिवण्याचा. म्हणजे दुसऱ्यांनी वापरून, घामेजून, विटवून टाकलेले कपडे मांडीवर घेऊन बसण्याचा. ज्यांना गोधडी हवी असे ते आपल्याच घरातले जुने कपडे बोचक्यात बांधून आणून देत. ती रीतच होती. आणि लोक काय काय देत! केसांच्या तेलानं काळी पडलेली उशीची खोळ. नाक पुसून पुसून कडक झालेला टॉवेल. कुणाच्या शर्टाच्या खिशात अर्धा चावलेला खर्रा तसाच पन्नीत गुंडाळलेला. एकदा एका पायजम्याच्या नाडीच्या नेफ्यातून ढेकणांची अख्खी वस्ती निघाली, तेव्हा मी ते बोचकं चिमट्यानं उचलून रॉकेलच्या डब्यात बुडवलं होतं. ऐंशीच्या दशकात नायलॉनच्या साड्यांचा सुळसुळाट झाला तो आणखी वेगळाच ताप. नायलॉन घाम पीत नाही, नुसता सांभाळून ठेवतो. सुई त्यात शिरताना कुरकुरते, आणि वास कितीही धुतला तरी जात नाही. नायलॉनचं पातळ कुणी दिलं की मी सरळ परत करत असे.

पण मोठ्या गंजात सोडा घालून कपडे उकळले, तीन पाण्यांतून काढले, दोन दिवस कडक उन्हात टाकले की काहीतरी होतं. माणसाची घाण निघून जाते आणि माणूस तेवढा उरतो. कापड मऊ, पातळ, बोटांना ओळखीचं झालेलं असतं. मग मी ते फरशीवर पसरायची, थरावर थर लावायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि यांची जुनी बॅटरी ठेवायची, आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत सरकायची. कडेची पहिली ओळ पुरी झाली की मी त्यावरून तळवा फिरवत असे. त्या क्षणाला मला जो आनंद व्हायचा तसा दुसऱ्या कशानंही झाला नाही, आणि हे मी नवऱ्याच्या देखत सांगू शकते. हे म्हणायचे, "बाजारात सोलापुरी चादर भेटते ना. तू काऊन लोकाईच्या चिंध्या घेऊन बसते?" मी म्हणायची, चादरीत ओळखीचं कोणी नसतं.

ऐंशीच्या दशकातल्याच एका उन्हाळ्यात माझी आई गेली. ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात ती ऐंशी ओलांडून, स्वतःच्या पायांनी शेतावर जात जात गेली. तार आली तेव्हा हे ड्यूटीवर होते आणि माझ्याजवळ विमलबाई होत्या. विमलबाई म्हणजे खालच्या क्वार्टरमधल्या. त्यांचे यजमान आणि आमचे हे एकाच पाळीला. तारेचा कागद मी वाचला आणि त्यांच्या हातात दिला. विमलबाईंनी मला कुशीत घेतलं, माझे केस मागे सारले, माझ्या पोरांना आपल्या घरी नेऊन वरण-भात खाऊ घातला. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मी त्यांच्यावर अन्याय केला असं कुणाला वाटायला नको. बाई मायाळू होत्या. फक्त आमच्याकडचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. "आत्ताच घेऊन आली वो," असं त्या म्हणायच्या. वर्षानुवर्षं त्या आत्ताच घेऊन आलेल्या असायच्या. आमच्या बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि त्यांची नजर बोलताना तिच्याकडे जात नसे. मला ते कळत होतं. कळून मी ते पदराखाली झाकून ठेवलं होतं, कारण मैत्रीण हवी असते.

आईची लुगडी मी गावाहून घेऊन आले. जाड सुती, निळ्या काठांची. रोवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं लावताना, आई गुडघाभर चिखलात उभी राहायची आणि तो चिखल लुगड्यात भिनायचा. कितीही धुतलं तरी लुगड्याला धानाच्या बांधीचा ओला वास होता. मला ज्याची कधीच किळस आली नाही असा जगातला तेवढा एकच वास. पाऊसभर मी ती लुगडी कापत बसले. म्हातारं होऊन, सुखानं गेलेल्या माणसाचं कापड आपल्या माणसांत वाटावं, तान्ह्या लेकरालाही पहिल्यांदा तेच गुंडाळावं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. बहिणीच्या गोधडीत एक तुकडा, भाच्याच्या दुपट्यात एक, माझ्या पोरांच्या गोधड्यांत एकेक. आणि सगळ्यांत मोठा, काठपदरासकटचा तुकडा मी विमलबाईंच्या गोधडीच्या पोटात घातला. वर माझंच पिवळं पातळ लावलं. तार आली त्या दिवसाची ती परतफेड नव्हती. माझ्या आईच्या मऊपणात त्या झोपाव्यात असं मला मनापासून वाटलं होतं. देताना मी सांगितलंही, "आत आईचं हाय." त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

मग पाऊस सरला आणि दसरा काढायचे दिवस आले. दसरा काढणं म्हणजे घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण नाल्यावर नेऊन धुणं. विमलबाईंसारख्यांना घटस्थापनेआधी घर पवित्र करायचं असे, आम्हाला दीक्षेच्या दिवसाआधी घर स्वच्छ हवं असे. त्या एका गोष्टीत कॉलनीतल्या सगळ्या बाया एक होत्या. नाल्याकाठी बेशरमाच्या झुडपांवर, तारेच्या कुंपणावर, बैलगाडीच्या चाकोरीपर्यंत नुसत्या गोधड्या पसरलेल्या. आणि त्या दिवसात कुणाच्या घराची अब्रू झाकलेली राहत नसे. कुणाचं पोर अजून अंथरुणात करतं, कुणाचा नवरा कुठे ओकला, सगळं तिथं उन्हात पडलेलं. नाकाला पदर लावून का होईना, मी दरवर्षी एक चक्कर मारायचीच, कारण त्यांत माझ्या गोधड्या असायच्या. बघा, ही कोपऱ्यात लाल तिकोन असलेली माझी. ही पलीकडच्या क्वार्टरमधल्या बाळंतिणीला दिलेली. लांबून ओळखायची आणि मनातल्या मनात मिरवायची.

ओली गोधडी एकट्या बाईचं काम नाही. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि दोघींनी उलट्या बाजूंना पीळ द्यायचा. विमलबाई आणि मी ते काम दरवर्षी जोडीनं करत आलो होतो. खरं तर आमची ओळख त्या पिळण्यातूनच झाली. त्या दिवशीही आधी माझ्या पिळल्या, मग त्यांच्या. त्यांच्या ढिगातली शेवटची निघाली तरी पिवळी काही दिसली नाही.

"माझी नाई आणली का वो?" मी विचारलं.

"ते घरीच धुतो," विमलबाई पाण्यात बघत म्हणाल्या. "वेगळी."

"आणि तुमची नंदा नाई आली?"

"पोरगी बाहेर बसली ना. आजच झालं." एवढं बोलून त्या बादली घेऊन पुढे निघूनही गेल्या.

नाल्याहून परतायची वाट क्वार्टरांच्या मागून होती. विमलबाईंच्या मागच्या ओट्यावर कोळशाचं पोतं, मोडकी सिगडी, उन्हाळ्यानंतर काढून ठेवलेला कूलर आणि खराट्यांच्या मधोमध नंदा बसली होती. वीसेक वर्षांची, बारावी होऊन घरी बसलेली पोर. तिच्याखाली माझी पिवळी गोधडी होती. शेजारी वेगळं ताट, वेगळा पेला.

"मावशी," ती म्हणाली, आणि लगेच हात आडवा केला. "जवळ नका येऊ, माझी अडचण हाय."

मी म्हटलं, "आमच्यात नाई मानत. हे गोधडी इथी कशी?"

"हे बाहेरचीच हाय." तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "आई म्हणते, चार दिवसाले हेच घ्यायची. बाकीच्यायले हात नाई लावायचा. माझे दिवस झाले का धुऊन तिथी खिळ्याले टांगतो."

मी खिळा पाहिला. कूलरच्या वर, भिंतीत ठोकलेला. त्याच्याखाली भिंतीला कोळशाचा काळा फरांटा. माझ्या आईचं लुगडं, पंचाहत्तरीतही रोवणीला उभ्या राहिलेल्या बाईचं लुगडं, तिथं महिन्याचे सव्वीस दिवस टांगलेलं असायचं. घरात त्यांच्या दिवाणावर नणंदेनं दिलेली, तीही जुन्याच पातळांची गोधडी मी कितीदा पाहिली होती. तेव्हा जुन्या कापडाचं कारण नव्हतं. ढेकणांनी, खर्ऱ्यानं, नाकाच्या टॉवेलनं जे झालं नव्हतं ते त्या स्वच्छ धुतलेल्या गोधडीकडे पाहून झालं. मला ओकारी आली. मी तोंड दाबून उभी राहिले आणि म्हणाले, "दे ते इकडं. मी घेऊन जातो घरी."

नंदानं दोन्ही मुठींत गोधडीची कड धरली.

"नका नेऊ ना, मावशी," ती म्हणाली. "घरात माझं म्हून काहीच नाई. पलंग भावायचा, कपाट आईचं. हे एकटी माझी हाय, याले कोणी हात नाई लावत. आणि लई नरम हाय वो. मले तर त्या चार दिवसाची वाट पाहावं वाटते."

आता काय करायचं? मी ओढली असती तर आली असती. तिच्या हातात जोर नव्हता. पण माझी आईही सहा भावंडांत स्वतःचं असं काही नसलेली मुलगी होती, आणि तिच्या लुगड्याला अखेर कुणीतरी असं घट्ट धरलं होतं. मी तशीच वर निघून आले. घरी आल्यावर हात साबणानं धुतले, आणि का धुतले ते माझं मलाच कळलं नाही.

विमलबाईंना मी विचारलं नाही असं नाही. दुसऱ्याच दिवशी जिन्यात गाठलं. त्या लाल कोपऱ्यापाशीच. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि फार प्रेमानं बोलल्या.

"तुमी वाईट नका वाटून घेऊ, कुसुमबाई. तुमच्यात-माझ्यात काही नाई. पण घरात देव हायेत ना. सासूबाईनं घालून दिलेलं हाय, मी का करू?"

हात माझ्या हातात होता. तेच मला सगळ्यांत ओंगळ वाटलं. सरळ शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. प्रेमानं बोलणाऱ्या माणसापुढे काय करावं हे मला आजपर्यंत कुणी शिकवलेलं नाही.

दिवाळी होते न होते तोच नंदाचं जमलं. मुलगा सिरोंच्याला शाळेत मास्तर, आईवडील ब्रह्मपुरीकडचे. आणि एका दुपारी विमलबाई माझ्या दारात बोचकं घेऊन उभ्या राहिल्या. बोचक्यात त्यांची चांगली सुती पातळं होती, डाळिंबी, हिरवं, एक शेवाळी. पोरीसोबत द्यायला एक मोठी गोधडी शिवून द्या म्हणाल्या.

"तुमच्यासारखा हात कोणाचाच नाई वो."

म्हणजे हात चालत होते. कापड तेवढं चालत नव्हतं. मी बोचकं घेतलं. का घेतलं, ते सांगता यायचं नाही. पातळं सुती होती, ओळखीची होती, आणि पोर नंदा होती. जाता जाता त्या वळून म्हणाल्या, "आणि ते बाहेरची आता जाळून टाकतो. लग्नघरात तसलं काही नको."

त्या गेल्यावर मी बोचकं न सोडताच कोपऱ्यात सारलं. आईचं एवढंच तर उरलं होतं. बाकीचे तुकडे छोटे, कुठं कुठं गेलेले. काठपदरासकटचा तुकडा तो एकच, आणि तो आता सिगडीशेजारी राख होणार होता. खाली जाऊन मागावं, तर काय म्हणून मागावं? बाहेरची म्हणून?

मागावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी नंदा वर आली. हातात बादली, बादलीत वरवर पिळलेले दोन परकर. ते बाजूला केले तर खाली पिवळी गोधडी घडी करून कोंबलेली. "आईले म्हटलं, नाल्यावर नेऊन टाकतो," ती म्हणाली. मग जरा थांबून, फरशीकडे बघत म्हणाली, "मावशी, जुन्या गोधडीवर नवे थर चढवून पुन्हा शिवतात ना? तुमीच सांगत होत्या. याले त्यात घाला ना. मले संग न्यायची हाय."

या पोरीला मी कधी शहाणी समजले नव्हते.

गोधडीची तीच तर गंमत आहे. तिचं पोट कुणी पाहत नाही. जुनी विरली की ती फेकायची नसते, तिच्यावर नवी पातळं चढवायची आणि दोन्ही मिळून एक करायची. मी ती पिवळी उकळली नाही, साध्या पाण्यातून काढली, कोळशाचे डाग चोळले, आणि फरशीवर मधोमध अंथरली. वर विमलबाईंचं डाळिंबी, खाली शेवाळी. त्यांच्या लग्नातलं, पूजेला नेसायचं, देवघरात वावरलेलं पातळ माझ्या आईच्या अंगावर घातलं आणि कोपऱ्यावर वरवंटा ठेवला. त्या दिवसांत मी जशी शिवली तशी गोधडी पुन्हा कधी शिवली नाही. टाके इतके बारीक की सुईचं भोक दिसू नये. सूड म्हणा, माया म्हणा, मला त्या वेळी त्यांतला फरक लागत नव्हता. किळस मात्र होतीच. शिवता शिवता मध्येच तो खिळा आठवायचा आणि मी सुई ठेवून गॅलरीत जाऊन थुंकून यायची. मीसुद्धा थुंकायला लागले होते.

विमलबाई रोज दुपारी बघायला यायच्या. उंबऱ्याच्या आत येऊन फरशीवर बसायच्या, गोधडीवरून हात फिरवायच्या. "काय नरम लागून राह्यली," म्हणायच्या. चहा विचारला की अजूनही त्या आत्ताच घेऊन आलेल्या असायच्या.

लग्न फाल्गुनात कॉलनीच्या मैदानात झालं. मांडवाच्या एका बाजूला दिलेलं सामान मांडलं होतं. कपाट, भांडी, शिलाई मशीन, आणि विमलबाईंनी कौतुकानं विहीणबाईंसाठी जी बैठक केली होती तिच्यावर ती डाळिंबी गोधडी. विहीणबाई अंगानं भरलेल्या, गुडघ्यांनी अधू. त्या गोधडीवर ऐसपैस बसल्या आणि बसल्या बसल्या हात दाबून पाहिला.

"चांगली जाड हाय. कोणं शिवली?"

"आमच्या कुसुमबाईनं," विमलबाई म्हणाल्या, आणि मला दंडाला धरून पुढे ओढलं. त्यांचा दुसरा हात गोधडीवर होता, कुरवाळत होता. "लई गुणाच्या हायेत. हात पाहा त्यायचा."

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. "आतमधी काय घातलं वो बाई? इतकी नरम कशी?"

मी नंदाकडे पाहिलं. ती मुंडावळ्यांतून माझ्याकडेच बघत होती. घाबरलेली नव्हती. मग मीही घाबरले नाही.

"माझ्या आईचं लुगडं हाय," मी म्हणाले. "मोठं, काठपदरासकट. पहिले पिवळ्या गोधडीत होतं, ते तशीच आत घातली."

विमलबाईंना कळायला एक क्षण लागला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या काय बोलणार होत्या? ती बाहेरची आहे म्हणाव्या, तर विहीणबाई तिच्यावर बसलेल्या. ही अमक्यांची आहे म्हणाव्या, तर अमक्यांकडून मुलीचं अंथरूण शिवून घेतलं कशाला, हा प्रश्न आलाच. माझं आडनाव विहीणबाईंना माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याही उठल्या असत्या, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्या आईची गोधडी त्या मांडवात टिकली ती कुणाच्या चांगुलपणामुळे नाही. एकीला ठाऊक नव्हतं आणि दुसरीला सांगता येत नव्हतं, एवढ्यामुळेच ती टिकली. याचीही मला किळस येते, अजून येते.

"म्हातारी किती वर्षाची होऊन गेली?" विहीणबाईंनी विचारलं.

"ऐंशीच्या वर. चालती-फिरती."

"मग तर बेस झालं. नातवंडायले चांगलं असते असं कापड." त्यांनी गोधडी पुन्हा थोपटली आणि मांडी घालून सैल बसल्या.

मी विमलबाईंच्या हाताकडे पाहत होते. तो गोधडीवरून सावकाश उचलला गेला, पदराखाली गेला आणि तिथं पुसला गेला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला तार आली त्या दिवशी माझे केस मागे सारणारा तोच हात होता.

जीपमध्ये बसताना नंदानं गोधडी सामानात ठेवू दिली नाही. मांडीवर घेतली. भाऊ म्हणाला, मागं टाक, उकडून राह्यलं. तिनं मान हलवली. जीप वळणावर गेली आणि विमलबाई हुंदके देत माझ्या शेजारी उभ्या होत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी दसरा काढायच्या वेळी मी नाल्यावर गेले नाही. गोधड्या मोरीत एकेक करून धुतल्या आणि न पिळता तशाच तारेवर टाकल्या. दोन-तीन दिवस त्यांतून पाणी गळत होतं. खालून विमलबाई म्हणाल्या, "कुसुमबाई, आणा ना खाली, पिळून देतो." मी म्हणाले, "आत्ताच पिळल्या." त्या वर बघत उभ्या राहिल्या. तारेवरचं पाणी त्यांच्या अंगणात पडत होतं.

हे सगळं सुनेला सांगितलेलं नाही. ती सांगण्यासारखी आहे, पण तिची आई आमच्याकडे चहा घेते, आणि ज्यांच्या घरात चहा सुखानं घेतला जातो त्यांना हे सगळं जुन्या काळातलं वाटतं. परवा मात्र नंदा आली होती. केस पांढरे झालेत तिचे. गोष्टींवरून गोष्टी निघाल्या, गोधडीची निघाली. मी विचारलं, फाटली असेल ना आता? ती म्हणाली, वरचं डाळिंबी विरलं, त्यावर तिनं दोनदा नवं चढवलं. आतलं तसंच आहे.

मग तिनं तिच्या मुलीचं, वीसेक वर्षांमागचं सांगितलं. सिरोंच्याला, भर उन्हाळ्यात, पोरीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा विमलबाई लेकीकडेच राहायला आलेल्या होत्या. त्यांनी लगेच पोरीला बसवायला मागच्या दाराकडे जागा झाडून घेतली. नंदानं ती गोधडी काढली, आतल्या खोलीत पलंगावर अंथरली, पंखा मोठा केला आणि पोरीला म्हणाली, लोळ इथं, वाटेल तेवढी. पोर चार दिवस तिथं पडून पुस्तकं वाचत राहिली.

"आणि विमलबाई?" मी विचारलं. "त्या कुठी झोपल्या?"

"मागच्या ओट्यावर, सतरंजी टाकून," नंदा म्हणाली. "लई डास होते, मावशी. मी रोज म्हणत होतो, आई, ये ना अंदर. चारही दिवस नाई आली."